दोन्ही आवाज

गोष्ट म्हणाल तर एवढीच :
दोन मित्र त्बिलिसीहून च्यातुराला
लोखंडी न्हाणीचा टब घेऊन निघतात,
जुन्या मास्तरांना द्यायला,
आणि मास्तरांच्या दारातून तो आत जात नाही.

एलगुजा, शर्टात हँगर विसरून राहावा तसा.
बोंदो इतका रुंद, की कॅमेरामन म्हणायचा
याला चौकटीत बसवायचा तर हप्त्याहप्त्यानं बसवावा लागेल.
दिग्दर्शक ओतियाकडे पैसे होते एकाच टबाचे,
तो दुसऱ्याच दिवशी घाटात घरंगळला.
पोचा दिसतो तो खरा आहे.
सिनेमात सगळ्यांत जास्त हसू त्या पोच्याला.

मी त्सिसाना. माझं काम आवाजाचं.
आमच्याकडे चित्र आधी, बोलणं नंतर,
अंधाऱ्या खोलीत पडद्यावरचे ओठ बघत.
बोंदो वाक्याआधी नाकातून श्वास घ्यायचा,
जिभेनं टाळूवर एक टक्.
मी कागदावर खूण करून ठेवायची : इथे टक्.

नऊ रिळं होती.
तीन झाली, आणि फेब्रुवारीत
बोंदो संत्र्यांची पिशवी घेऊन जिना चढताना
दुसऱ्या मजल्यावर बसला, तो बसलाच.
संत्री खालपर्यंत गेली, म्हणतात.

आठव्या दिवशी एलगुजा आला.
म्हणाला, दिवा घालव.
म्हणाला, त्याची पण मीच बोलतो.
स्वतःचं वाक्य डावीकडे उभं राहून,
बोंदोचं उजवीकडे.
अरे, माईक एकच आहे, हलायची गरज नाही.
तरी तो हलायचा. दोन पावलं तिकडे, दोन इकडे.
लाकडी फळी कुरकुरायची.
लोकांना वाटतं ट्रक कुरकुरतोय.
मी ते काढलं नाही.

सातव्या रिळात पाळणा दरीवर अडकतो,
दोघं टबात बसलेले, पाय बाहेर.
बोंदो विचारतो, तू माझ्याशी कधी खरं बोललास का रे?
एलगुजा म्हणतो, एकदा.
तेव्हा तू झोपला होतास.
हे वाक्य अकरा वेळा घ्यावं लागलं.
उत्तर पहिल्याच वेळी बरोबर होतं,
प्रश्न जमत नव्हता.

च्यातुराच्या खाणवाल्यांच्या क्लबात
लोक भलत्याच जागी हसले.
पाळणा अडकला तसे ओरडले, गोगिता, उठ!
गोगिता पाळणा चालवायचा,
तिसऱ्या रांगेत बसला होता,
उभा राहून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.
तिथे सिनेमा पाच आठवडे चालला.
राजधानीत नऊ दिवस.

राजधानीतल्या एका समीक्षकानं लिहिलं :
बोंदो नेहमीसारखाच अस्सल.
एलगुजा मात्र बनावट वाटतो,
जणू स्वतःचीच नक्कल करतोय.
एलगुजानं ते कात्रण पाकिटात ठेवलं,
ओळखपत्राच्या मागे.
कुणी दारू पाजली की काढून दाखवायचा.
पूर्ण कधी सांगायचा नाही.

पण मला सारखी आठवते ती पहिली रात्र.
बोंदोची बायको नानुली, काळ्या कपड्यात,
तीन रिळं मोकळेपणी हसली.
चौथं लागलं तशी थांबली.
मान जराशी कलती केली,
शेजारच्या घरात कोण बोलतंय
ते ऐकताना करतात तशी.
मग परत हसू लागली, पण हळू,
दुसऱ्याच्या घरात हसल्यासारखी.

शेवटी कोटांच्या रांगेत तिनं एलगुजाला गाठलं.
आम्ही सगळे भिंती बघू लागलो.
ती म्हणाली, टक् छान केलास.
घोरणं मात्र तुला जमलं नाही.
आणि तिथेच, हातात टोकन, गळ्याशी रुमाल,
तिनं घोरून दाखवलं.
एलगुजानं करून बघितलं.
नाही, खालून, पोटातून, ती म्हणाली,
आणि मध्ये थांबायचं,
मेला की काय असं वाटेपर्यंत.
तो थांबला.
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.
माझं मशीन स्टुडिओत होतं, कुलपात.

मागच्या माणसानं विचारलं,
रांग सरकतेय का?